पाळीचे काम, निद्रा आणि थकवा

चोवीस तास चालणारे काम एका माणसाच्या हातून होणारे नव्हे. रुग्णालय, वीजकेंद्र, रेल्वे, पोलीस ठाणे, पोलादाची भट्टी किंवा दूरदेशच्या ग्राहकांशी रात्रभर बोलणारे सेवाकेंद्र, यांपैकी कोठेही पाहिले तरी माणसांच्या तुकड्या पाडून त्यांना आळीपाळीने कामावर बोलवावे लागते. या व्यवस्थेला आपल्याकडे ‘पाळी’ हा सुटसुटीत शब्द रूढ आहे. दिवसपाळी आणि रातपाळी हे शब्द मुंबईच्या गिरणगावात एके काळी घरोघर बोलले जात. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडत गेल्या. परंतु रात्रीचे काम संपले नाही. ते करणारी माणसे आणि ते करण्याच्या जागा तेवढ्या बदलल्या.

या कामाने येणाऱ्या थकव्याविषयी दोन समजुती सर्वत्र आढळतात. रात्रपाळी ही सवयीची बाब असून काही दिवसांत शरीर तिला सरावते, ही पहिली. आणि रात्री गेलेली झोप दिवसा तितकेच तास घेतली की हिशेब पुरा होतो, ही दुसरी. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजुती तपासून पाहावयाच्या आहेत. तसे केल्यास असे दिसून येईल की, रात्रपाळीच्या थकव्याचा मोठा भाग कामगाराच्या अंगच्या दुबळेपणातून उद्भवत नसून वेळेच्या विसंगतीतून उद्भवतो. यास्तव उपाययोजनेचा पहिला भार पाळीपत्रक आखणाऱ्यावर पडतो. कामगाराने पाळावयाची पथ्ये महत्त्वाची आहेत. परंतु त्यांचा क्रम त्यानंतरचा आहे.

तास किती आणि तास कोणते

औद्योगिक थकव्याचा विचार आरंभी कामाच्या तासांपुरताच मर्यादित होता, आणि ते स्वाभाविकही होते. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीचा दिवस सूर्याच्या उजेडाने बांधलेला असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचा प्रकाश पसरू लागला तेव्हा ही मर्यादा सुटली व कामाचा दिवस लांबला. तत्पूर्वीच नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणीकामगारांची संघटना उभारून साप्ताहिक सुट्टीची मागणी केली होती, व १८९० मध्ये रविवारची सुट्टी मान्य झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यात आली. तिच्या अभ्यासातून असे निदर्शनास आले की, अतिरिक्त लांबलेले तास कमी केल्याने उत्पादन त्या प्रमाणात घटत नाही. काही ठिकाणी तर ते वाढते. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ व दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली, आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक काम होण्यापूर्वी अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक ठरविली.

याच अधिनियमातील एक लहानशी तरतूद लक्षणीय आहे. ज्याची पाळी मध्यरात्र ओलांडते त्याची साप्ताहिक सुट्टी त्याची पाळी संपल्या क्षणापासून सलग चोवीस तासांची धरावी, असे तीत म्हटले होते. रविवारी सकाळी सात वाजता कारखान्याबाहेर पडणाऱ्या माणसाची सुट्टी पंचांगातील रविवाराशी जुळत नाही, एवढे कायद्याने ओळखले होते. तथापि त्या चोवीस तासांतील पहिले सहा-सात तास रात्रीची झोप भरून काढण्यात जातात, हे गणित कायद्यात नव्हते. तास किती, या प्रश्नाचे उत्तर देण्यात शंभर वर्षे गेली. तास कोणते, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला आणि त्याचे उत्तर शरीरशास्त्राकडून मिळाले.

शरीरातील घड्याळ

१७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागी ठेवून पाहिले. सूर्यप्रकाश मिळत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. रोपाजवळ काळाचे काही अंतर्गत मोजमाप असावे, असा तर्क त्यावरून करता येत होता. माणसाच्या बाबतीत हा प्रश्न क्लाइटमन या निद्राशास्त्रज्ञाने १९३८ साली हाती घेतला. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत तो आणि त्याचा तरुण सहकारी रिचर्डसन हे ३२ दिवस राहिले. तेथे दिवस उगवत नव्हता की मावळत नव्हता. त्यांनी २८ तासांचा ‘दिवस’ ठरवून त्याप्रमाणे झोपण्या-उठण्याचा क्रम पाळला. रिचर्डसनच्या शरीराच्या तापमानाची लय नव्या दिवसाशी जुळली. क्लाइटमनची मात्र चोवीस तासांनाच चिकटून राहिली. पाळीच्या कामाचा विचार करणाराने हा जुना प्रयोग विसरू नये. एकाच जागी, एकाच वेळापत्रकात राहिलेल्या दोन माणसांची शरीरे दोन प्रकारे वागली, आणि त्यात कोणाच्या निश्चयाचा वा शिस्तीचा संबंध नव्हता.

पुढील काळात हे घड्याळ शरीरात कोठे आहे तेही समजले. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृक्‌तंतूंच्या फुलीच्या किंचित वर, सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. दैनिक लयीचे नियमन तेथून होते, असे १९७२ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी फळमाशीत या लयीशी निगडित असलेला जनुक सापडला होता. या जनुकांची कार्यपद्धती उलगडून दाखविणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात मदुराई येथे एम. के. चंद्रशेखरन यांनी या शास्त्राची परंपरा निर्माण केली. गुहेच्या अंधारात राहणाऱ्या वटवाघळांच्या लयीवर त्यांच्या गटाने केलेले काम या क्षेत्रात परिचित आहे.

माणसाचे अंतर्गत घड्याळ बाहेरच्या खुणांवाचून चालू दिले तर त्याचा फेरा सरासरीने चोवीस तासांहून काही मिनिटे अधिक भरतो. म्हणजे ते रोज थोडे मागे पडते व रोज लावून घ्यावे लागते. ते लावण्याचे काम मुख्यतः प्रकाश करतो. डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठी असलेल्या पेशींखेरीज प्रकाशाची नोंद घेणाऱ्या आणखी काही पेशी असून त्या निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात व आपला संदेश सरळ या घड्याळाकडे पाठवितात. सायंकाळी प्रकाश मिळाला तर घड्याळ मागे सरते; पहाटेनंतर मिळाला तर पुढे येते.

आता पहिल्या समजुतीकडे वळू. मुंबईहून लंडनला गेलेला प्रवासी चार-सहा दिवसांत तेथील वेळेला सरावतो. मग रात्रपाळीवरील माणूस का सरावू नये, असे विचारले जाते. कारण असे की, प्रवाशाचा सूर्यच बदललेला असतो. त्याच्याभोवतीचा उजेड, जेवणाची वेळ, रस्त्यावरची वर्दळ ही सर्व त्याच्या शरीराला एकाच दिशेने ओढतात. रात्रपाळीवरून सकाळी घरी परतणाऱ्या परिचारिकेचा सूर्य मात्र तोच राहतो. रात्रभराच्या दिव्यांनी तिचे घड्याळ थोडे मागे सरले असेल, तर घरी जाताना डोळ्यांवर पडणारे ऊन ते पूर्ववत पुढे ओढते. आणि सुट्टीच्या दिवशी ती घरच्यांप्रमाणे रात्री झोपली की उरलीसुरली प्रगतीही पुसली जाते. कायम रात्रपाळी करणाऱ्यांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता, ज्यांची लय रात्रीच्या कामाशी पूर्णपणे जुळली आहे असे लोक शंभरात तीनहूनही कमी आढळले. बाकीच्यांना लागते ती सोसण्याची सवय होय. शरीर सरावत नाही.

थकव्याची दोन ओझी

दुसऱ्या समजुतीचे उत्तर बोर्बेली या स्विस शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मांडलेल्या विचारसरणीत सापडते. झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे जागे राहिल्याने साचत जाणारी निद्रेची गरज. मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य जागेपणी साचते, झोपेत ओसरते. ते या गरजेचे एक प्रमुख वाहक मानले जाते. दुसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेले घड्याळ, जे साचलेल्या गरजेची पर्वा न करता ठरावीक वेळी जागे ठेवते आणि ठरावीक वेळी झोपेकडे ढकलते.

दिवसपाळीच्या माणसाच्या बाबतीत ही दोन्ही हातात हात घालून चालतात. रात्रपाळीत त्यांची फारकत होते. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान दिवसातील नीचांकावर असते, घड्याळ झोपेचा आग्रह धरते, आणि साचलेली गरजही त्याच वेळी मोठी असते. दोन्ही ओझी एकाच क्षणी खांद्यावर येतात. याउलट सकाळी नऊ वाजता तो अंथरुणावर पडतो तेव्हा गरज मोठी असल्यामुळे झोप लागते लवकर. परंतु तिचा पहिला जोर ओसरताच, चार-पाच तासांनी, घड्याळ त्याला जागे करते. त्यामुळे रात्रपाळीनंतरची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारणतः दोन ते चार तासांनी कमी भरते. पाच रात्री असे झाले की दहा-वीस तासांची तूट साचते.

ही तूट त्या माणसाला स्वतःला नीट कळत नाही, हा यातील सर्वांत चिंताजनक भाग होय. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी व्यक्तींना चौदा दिवस रोज सहा तासच झोपू देण्यात आले. त्यांची लक्ष देण्याची क्षमता दिवसेंदिवस खालावत गेली, आणि अखेरीस ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी झाली. परंतु ‘तुम्हांला किती झोप येते?’ या प्रश्नाला त्यांची उत्तरे काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. त्यापूर्वी १९९७ मध्ये असे दाखवून देण्यात आले होते की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी उतरते. मद्य घेतलेल्या चालकाला आपण गाडीवर बसू देत नाही. बेजार जागरणानंतर त्याच गाडीवर बसणाराला कोणी अडवीत नाही, आणि तोही ‘मी ठीक आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो.

परिणामांची व्याप्ती

अपघातांविषयीच्या उपलब्ध अभ्यासांचे संकलन २००३ मध्ये करण्यात आले. त्यानुसार रात्रपाळीतील धोका सकाळच्या पाळीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी अधिक असतो. ओळीने रात्रपाळ्या लागल्या तर पहिल्या रात्रीच्या तुलनेने दुसऱ्या रात्री तो सुमारे ६, तिसऱ्या रात्री १७ आणि चौथ्या रात्री ३६ टक्क्यांनी वाढलेला आढळतो. हे आकडे वर सांगितलेल्या तुटीच्या साचण्याशी नीट जुळतात. ‘दोन-तीन रात्री गेल्या की माणूस रुळतो’ या कारखान्यातील बोलण्याला मात्र ते पुष्टी देत नाहीत.

दीर्घकालीन परिणामांत पोटाचे विकार, मधुमेह व हृदयविकार यांच्याशी पाळीच्या कामाचा संबंध पुष्कळ अभ्यासांत आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने दैनिक लय विस्कळीत करणाऱ्या पाळीच्या कामास २००७ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातले व २०१९ मध्ये रात्रपाळीविषयी तोच निर्णय कायम केला. ‘बहुधा’ या शब्दाचा अर्थ येथे काटेकोरपणे घ्यावयास हवा. पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही, परंतु निर्णायकही नाही, असा त्याचा आशय आहे. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकास भय वाटावे असा तो नव्हे.

पाळीपत्रकाची रचना

वरील विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष प्रथम पाळीपत्रकाला लागू होतो. पाळ्या कोणत्या दिशेने फिरवाव्या, हा पहिला प्रश्न. अंतर्गत घड्याळाचा फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असल्यामुळे झोपेची वेळ पुढे ढकलणे शरीराला सोपे जाते, अलीकडे ओढणे कठीण. म्हणून सकाळ, दुपार, रात्र असा क्रम हितकर. रात्र, दुपार, सकाळ असा उलटा क्रम त्रासदायक. अमेरिकेतील यूटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात दर आठवड्यास उलट्या दिशेने पाळी बदलत असे. चाइस्लर व त्याच्या सहकाऱ्यांनी तेथे दिशा सुलटी केली आणि बदलाचा कालावधी वाढविला. कामगारांचे समाधान, त्यांच्या आरोग्याविषयीची त्यांची मते आणि उत्पादन या सर्वांत सुधारणा झाल्याचे त्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. यंत्र तेच होते, माणसे तीच होती. बदलला होता तो भिंतीवरचा कागद.

ओळीने किती रात्री द्याव्यात, याविषयी दोन मते आहेत. काही तज्ज्ञ दीर्घकाळ एकच पाळी ठेवावी असे म्हणतात. परंतु पूर्ण जुळवणी शंभरात तिघांनाही साधत नसेल तर त्या मताचा पाया डळमळतो. दोन किंवा तीन रात्रींनंतर विश्रांती द्यावी, म्हणजे घड्याळ फारसे हलत नाही आणि तूटही मर्यादेत राहते, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन पाळ्यांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती असावी, हा १९९३ च्या युरोपीय निर्देशातील नियम अनुकरणीय आहे. दुपारपाळी रात्री अकराला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर राहावयाचे असेल, तर मधल्या आठ तासांतून प्रवास, जेवण व आंघोळ वजा जाता झोपेला पाचही तास उरत नाहीत. पहाटे पाचला सुरू होणारी सकाळपाळीदेखील, नावाने दिवसाची असली तरी, झोपेचा शेवटचा भाग कापून घेते.

येथे एक सावधगिरीचा इशारा आवश्यक आहे. केवळ तास कमी केल्याने सर्व साधते असे नाही. अमेरिकेतील शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक पाळ्यांविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळल्या होत्या. परंतु २०२० मध्ये अनेक रुग्णालयांत झालेल्या प्रयोगात पाळी लहान करूनही चुका वाढल्या. कारण काही ठिकाणी तेवढ्याच डॉक्टरांवर प्रत्येकी अधिक रुग्णांचा भार पडला. तात्पर्य, पाळीपत्रक सुधारावयाचे तर मनुष्यबळाचा प्रश्न टाळता येत नाही.

कामाच्या रात्रीची पथ्ये

पाळीपत्रक हाती नसलेल्या माणसालाही काही गोष्टी करता येतात. पहिल्या रात्रपाळीपूर्वी दुपारी दीड-दोन तास झोप घ्यावी. म्हणजे पहाटेच्या वेळी जागेपणाचा अवधी तितका कमी होतो. पाळीच्या पूर्वार्धात कामाच्या जागी भरपूर प्रकाश असावा. मध्यंतरात वीस-तीस मिनिटांची डुलकी मिळाली तर तिचा लाभ मोठा असतो. लांब पल्ल्याच्या वैमानिकांना चाळीस मिनिटांची संधी दिली असता त्यांना सरासरीने सुमारे २६ मिनिटे झोप लागली व उरलेल्या उड्डाणात त्यांची सतर्कता चांगली राहिली, असे अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने केलेल्या पाहणीत आढळले. डुलकीतून उठल्यावर काही मिनिटे डोके जड असते. तेवढा वेळ जोखमीचे काम हाती घेऊ नये. आपल्याकडे कामावरची डुलकी हा गुन्हा समजला जातो. नेमून दिलेल्या वेळी, बदली माणूस उभा करून घेतलेली डुलकी ही सुरक्षिततेची तरतूद समजली पाहिजे.

चहा-कॉफीतील कॅफीन ॲडिनोसिनचा मार्ग अडविते. गरज ती नाहीशी करीत नाही, तिची जाणीव तेवढी दडपते. तिचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे पाच तास लागतात. पहाटे चारला घेतलेल्या चहाचा अर्धा अंश सकाळी नऊला, म्हणजे नेमका झोपण्याच्या वेळी, रक्तात असतो. यास्तव चहा पाळीच्या पूर्वार्धात, थोडाथोडा घ्यावा. भोजनाविषयीही असाच विचार करावयास हवा. रात्री शरीर साखरेचा निचरा संथपणे करते. रात्रपाळीची परिस्थिती प्रयोगशाळेत निर्माण करून केलेल्या २०२१ च्या एका अभ्यासात, ज्यांनी रात्री जेवण टाळून केवळ दिवसा आहार घेतला त्यांच्या रक्तशर्करेत रात्री जेवणारांप्रमाणे वाढ झाली नाही. मुख्य जेवण पाळीपूर्वी करावे, मध्यरात्रीनंतर भूक लागल्यास हलके खावे, एवढा बोध त्यातून घेता येतो. मधुमेहाचे औषध घेणाराने मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

घरी परतण्याचा प्रवास हा पाळीचाच भाग समजावा. त्या वेळी स्वतः दुचाकी चालविण्यापेक्षा बस किंवा आगगाडी बरी. ज्यांना पुढच्याही रात्री काम आहे व वाहन चालवावयाचे नाही, त्यांनी सकाळच्या उन्हात गडद चष्मा वापरावा.

दिवसाची झोप आणि घर

दिवसा झोपणाराला अंधार, शांतता व गारवा या तीन गोष्टी हव्यात. आणि आपल्याकडील बहुसंख्य घरांत नेमक्या याच दुर्मिळ आहेत. गिरणगावातील चाळींत एका खोलीत अनेक गाळेकरी राहत. एकजण कामावर निघाला की दुसऱ्याने त्या जागी पाठ टेकावी, असा क्रम होता. जागेच्या टंचाईवर काढलेला तो तोडगा होता. परंतु चाळीच्या गजबजाटात ती झोप कितीशी गाढ लागत असेल, याची कल्पना करता येते. आजही एका खोलीच्या घरात जाड पडदा, कानांत कापसाचे बोळे, दूरध्वनी बंद आणि दारावरच्या कडीला अमुक वाजेपर्यंत हात न लावण्याचा शेजाऱ्यांशी करार, एवढ्याने झोपेचा तासभर वाढू शकतो. झोप एकसंध मिळत नसेल तर सकाळी चार-पाच तास व कामावर जाण्यापूर्वी दीड तास अशी ती दोन भागांत घ्यावी.

या ठिकाणी स्त्रियांचा प्रश्न स्वतंत्रपणे नोंदविला पाहिजे. रात्रपाळी करून आलेला पुरुष झोपला आहे म्हणून मुलांना गप्प बसविणारे घर, रात्रपाळी करून आलेल्या स्त्रीकडून चहाची आणि डब्याची अपेक्षा करते. तिची झोप घड्याळापूर्वी घरकामच तोडते. तिला सांगितलेली सारी निद्रापथ्ये घरातील कामाची वाटणी बदलल्यावाचून निष्फळ ठरतात.

समारोप

रात्रीचे काम समाजाला टाळता येणार नाही. प्रसूतीच्या कळा आणि रेल्वेचे रूळ दिवस-रात्र पाहत नाहीत. परंतु ते काम करणाराच्या शरीराचे घड्याळ आज्ञेने वा वेतनाने फिरत नाही, एवढे मान्य केल्यास जबाबदारीची विभागणी आपोआप स्पष्ट होते. पाळीचा क्रम, ओळीच्या रात्रींची संख्या, दोन पाळ्यांतील अंतर, डुलकीची जागा आणि घरी पोहोचविणारे वाहन या गोष्टी संस्थेच्या हाती आहेत. दुपारची झोप, चहाची वेळ आणि अंधारी खोली या गोष्टी कामगाराच्या व त्याच्या घराच्या हाती आहेत. पहिल्यांची उणीव दुसऱ्यांनी भरून निघत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात काम करण्यास पुष्कळ वाव आहे, आणि त्यासाठी खर्चिक उपकरणांची गरज नाही. एखाद्या रुग्णालयातील परिचारिका किंवा औद्योगिक वसाहतीतील कामगार यांच्याकडून चार आठवडे झोपेची रोजनिशी भरून घ्यावी, तिच्याशेजारी त्यांचे पाळीपत्रक ठेवावे, आणि घरातील खोल्यांची संख्या, प्रवासाचा वेळ व घरकामाचे तास यांची नोंद करावी. उपरोक्त प्रयोगांपैकी बहुतेक थंड हवेच्या देशांतील, स्वतंत्र शयनगृहे असलेल्या माणसांवर झालेले आहेत. वैशाख महिन्यात पत्र्याच्या छपराखाली दुपारी बारा वाजता झोपणाऱ्या माणसाची तूट किती असते, हे त्या माणसाच्या रोजनिशीतूनच कळेल.